शनिवारच्या शंका

"लाल वायर कुठे लावली आहेस, आई?" हे माझ्या मुलाने एका शनिवारी मला चार वेळा विचारलं आणि चारही वेळा मी त्याला भलतंच उत्तर दिलं. वायर कुठे आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. त्याचा फोन यायच्या आधी मीच ती उपसून चुकीच्या भोकात खोचली होती. त्या वायरीपायी तो माझ्याशी चाळीस मिनिटं बोलला. एरवी तो दोन मिनिटांत फोन ठेवायचा.

मी शिक्षिका आहे. कुवेतमधल्या एका भारतीय शाळेत नववीला गणित शिकवते. तिथल्याच मंगफ भागात राहायला लागून बावीस वर्षं झाली. येत असलेलं गणित येत नाही असं एखादं पोर दाखवायला लागलं, तर माझं तोंड फळ्याकडे असतानाही मला ते कळतं. तास संपायला दहा मिनिटं उरलेली असतात, गृहपाठ टळावा म्हणून कोणीतरी भाबडा चेहरा करून विचारतं, "मिस, हा मायनस कुठून आला?" अशा मुलांना मी आजवर फार बोलले आहे. आता त्यांची माफी मागायला हवी, पण ती जगभर कुठे कुठे पांगली आहेत.

आमचे हे मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत ऑपरेटर आहेत. बारा बारा तासांची ड्यूटी, काही दिवस सकाळची, काही दिवस रात्रीची. ते घरी येतात तेव्हा मी शाळेत निघालेली असते, आणि मी येते तेव्हा ते पडदे ओढून झोपलेले असतात. आमचा संसार बराचसा फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालतो. "आमटी आजच संपवा." "सिलिंडर सांगितला आहे." भांडणं मात्र आमच्यात होत नाहीत, कारण भांडायलासुद्धा दोघांना एका वेळी जागं असावं लागतं.

मुलगा दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. इथे वाढलेली मुलं जातातच. त्यांनी कुठे तरी जायचं हे ती दहावीत असल्यापासून घरात सगळ्यांना माहीत असतं. तो हॅलिफॅक्स नावाच्या गावी वर्षभर शिकला आणि तिथेच एका मालवाहतूक कंपनीत कामाला लागला. जाताना दोन बॅगा, तेवीस-तेवीस किलोच्या. त्यात थंडीचे कपडे, लहान कुकर, गोडा मसाला, आणि मी जबरदस्तीने कोंबलेली एक गोधडी. त्याचा जुना लॅपटॉप आणि डीजे कन्सोल मात्र मागे राहिले. "कन्सोल विकून टाक आई. कोणीतरी बिगिनर घेईल," असं म्हणून तो गेला.

कन्सोल म्हणजे मांडीवर मावेल एवढी काळी पाटी. दोन बाजूंना दोन गोल चकत्या, मध्ये बटणांच्या रांगा, खाली रबरी चौकोन, दाबले की रंगीत दिवे लागणारे. लॅपटॉपला जोडायचा, एका चकतीवर एक गाणं, दुसरीवर दुसरं, आणि मधल्या दांड्यांनी एकातून दुसऱ्यात जायचं. यांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाले होते, "ही दोन बर्नरची शेगडी किती दिवस चालणार?" मुलगा त्यावर तीन वर्षं वाजवत होता. मी दार ठोठावून "हळू" एवढंच म्हणत होते.

तो कन्सोल मी विकला नाही. त्यात फार हळवं काही नव्हतं, आळस होता. दीड वर्ष तो त्याच्या टेबलावर टॉवेलखाली पडून राहिला.

तेवढ्या दीड वर्षात फोनचं काय झालं ते सांगते. आधी रोज यायचा. मग एक दिवसाआड. मग फक्त शनिवारी, इथल्या संध्याकाळी पाच वाजता, तिथे तेव्हा सकाळ असते. मी विचारायचे, जेवण करतोस ना? हो. थंडी आहे? आहे. काम? फाइन. कोणी मित्र वगैरे? आहेत गं. मग दोन्हीकडे थोडी खरखर ऐकू यायची, आणि तो म्हणायचा, "ओके आई, बाय." मला राग यायचा. तो कोणावर काढायचा हे ठरत नसल्यामुळे इथे शाळा रविवारी भरते, त्या दिवशी नववी ब त्याला बळी पडायची.

मार्चमध्ये एका शनिवारी धूळ फार आली होती. खिडक्या बंद असल्या तरी ती आत येते आणि सगळ्यावर पीठ शिंपडल्यासारखी बसते. मी टॉवेल उचलून कन्सोल पुसला. वायर लॅपटॉपला लागलेलीच होती; चालतो का बघावं म्हणून लॅपटॉप सुरू केला, तर कन्सोलवर एक दिवा लुकलुकायला लागला. तेवढ्यात पाचचा फोन आला. जेवण, थंडी, काम झालं. मग बोलायला काही नव्हतं म्हणून मी म्हटलं, "अरे, तुझ्या त्या शेगडीवर एक नारिंगी दिवा लुकलुकतोय. काय करू?"

"कुठला? डावीकडचा की उजवीकडचा? वेट, व्हिडिओ ऑन कर."

त्या दिवशी तो माझ्याशी पन्नास मिनिटं बोलला. दिवा म्हणजे क्यू, क्यू म्हणजे गाण्यात आपण खूण करून ठेवलेली जागा, खूण का करायची, एक गाणं लोकांना ऐकू जात असताना दुसरं फक्त आपल्या हेडफोनमध्ये कसं ऐकायचं. मी "हो का?" म्हणत राहिले. बाहेर मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली. आमच्या घरी अजान सुरू झाली की संगीत बंद, हा इथला रिवाज त्याच्या अंगात इतका मुरलेला की तिकडे हॅलिफॅक्सला तो वाक्य अर्धं सोडून गप्प झाला. अजान संपल्यावर पुन्हा तिथूनच पुढे सुरू. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तिथेच बसून होते. मला त्यातलं काहीही समजलं नव्हतं आणि मी फार खूश होते.

त्यानंतर मी शंकांची वही केली. शिक्षकाची खोड. दर शनिवारी एक शंका, आणि ती अशी हवी की एका उत्तरात मिटणार नाही. अजान होईपर्यंत बोलणं पुरलं तर शंका पास. मार्चमध्ये मगरिब तासाभरात व्हायची, जूनमध्ये जवळजवळ दोन तासांनी, म्हणजे शंकाही तेवढी दांडगी लागायची.

सुरुवातीच्या शंका खऱ्या होत्या, हे माझ्या बाजूने नोंदवते. गेन आणि व्हॉल्यूममध्ये फरक काय? वेगाचा दांडा, म्हणजे पिच, खाली ओढला की वेग वाढतो, हे उलटं कशाला? सिंक नावाचं बटण दाबलं की दोन्ही गाण्यांचा वेग आपोआप जुळतो, तर मग माणसाने शिकायचं काय? यावर तो हसला आणि म्हणाला, "सगळे बिगिनर्स हेच विचारतात. महिनाभर ते बटण नाहीच असं समज. कानाने जुळव." मग त्याने मला आठ मोजायला शिकवलं. असं संगीत आठाच्या हिशेबात चालतं, आठाचे चार गट झाले की काहीतरी बदलतं, आणि दुसरं गाणं आत आणायचं तर त्या बदलाच्या दारातून आणायचं. मला, गणिताच्या बाईला, माझा मुलगा बत्तीसपर्यंत मोजायला शिकवत होता.

आणि काय शांतपणे शिकवत होता. तीच गोष्ट तीन वेळा, तीन वेगळ्या तऱ्हांनी, आवाज न चढवता. हे तो माझ्याकडून शिकलेला नाही. याच घरात, जेवणाच्या टेबलावर, मी त्याला अपूर्णांक शिकवले होते. "डोकं कुठे आहे तुझं?" हे माझं ठरलेलं वाक्य. खोडून खोडून त्याचा कागद फाटायचा ते मला दिसायचं आणि तरी मी थांबायचे नाही. दुसऱ्यांची मुलं माझ्या हाताखाली पुढे गेली आणि माझा मुलगा गणित सोडून पळाला. आता तो म्हणत होता, "इट्स ओके आई, परत कर. घाई नाही." ते ऐकलं की मला कधी कधी बोलता यायचं नाही, आणि तो समजायचा की मला कळलं नाही.

मे महिन्यापर्यंत मला बऱ्यापैकी यायला लागलं. गुपचूप यायला लागलं म्हणायला हवं. शाळेतून अडीचला आले की जेवायचं, आणि हे झोपलेले असल्यामुळे हेडफोन लावून पाच-साडेपाचपर्यंत बसायचं. त्याच्या लॅपटॉपवर त्याचीच गाणी होती. आधी ती मला कंटाळवाणी वाटली. शब्द नाहीत, सूर थोडे, नुसता ठोका. मग हळूहळू कळलं की ती ऐकण्यापेक्षा जोडण्यासाठी केलेली आहेत. प्रत्येकाच्या सुरुवातीला आणि शेवटी मिनिटभर रिकामा ठोका ठेवलेला असतो, तो पुढच्याला आत यायला जागा म्हणून. हे मला फार आवडलं. आमच्या गाण्यांत असं कोणी कोणासाठी थांबत नाही.

उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली आणि मंगफ ओस पडलं. सगळे भारतात गेले. यांच्याकडे रिफायनरीत दुरुस्तीसाठी शटडाऊन होतं, त्यामुळे आम्ही राहिलो. पन्नास अंशांत बाहेर कुठे जाणार? दिवसभर एसीची घरघर आणि मी. मी घरातले आवाज मोबाइलवर टिपायला लागले. असे छोटे तुकडे कापून रबरी चौकोनांवर बसवता येतात, त्यांना सॅम्पल म्हणतात. फोडणीची चर्र, स्टीलच्या डब्याचं झाकण, देवघरातले टाळ. टाळाचा आवाज कापताना सुरुवातीचा केसाएवढा रिकामा भाग काढावा लागतो, नाहीतर तो ठोक्यावर न पडता मागून पडतो. ते जमायला मला आठवडा लागला. जमलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि सांगायला घरात कोणी जागं नव्हतं. मुलाला सांगावं असं खूप वाटलं. सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं की मी कुठवर आले आहे. म्हणून त्या शनिवारी मी त्याला विचारलं, "अरे, हेडफोनची पिन मोठी आहे आणि भोक लहान, हे कसं बसवायचं?"

माझी युक्ती अशी वाढत गेली. तो प्रश्न ऐकून घ्यायचा आणि मग आठवड्यात मला छोटे व्हिडिओ पाठवायचा. स्वतःसाठी त्याने तिथे एक जुना कन्सोल आणला होता. व्हिडिओत त्याचे फक्त हात दिसायचे. बटण दाबणारं बोट, नखं वाढलेली, मनगटावर माझ्या भावाने दिलेलं घड्याळ. मी ते व्हिडिओ शिकायला बघत नव्हते. मी मागची खोली बघायचे. ओट्याच्या सिंकमध्ये एक ताटली, एक पेला. खुर्चीवर गोधडी. खिडकीत कधी बर्फ, कधी उन्हाचा पट्टा. दर वेळी एकच ताटली असते हे मला दिसत होतं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. मला माझी चाळीस मिनिटं मिळत होती, आणि तेवढ्यावर मी डोळे मिटून घेतले.

सप्टेंबरमध्ये गणपती आले. आमच्या इमारतीत आणि शेजारच्या दोन इमारतींत मिळून दहा-बारा मराठी घरं. आम्ही दीड दिवसाचा गणपती तळघरात बसवतो. इथे तळघराला सरदाब म्हणतात. दार लावून घ्यायचं, आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि विसर्जन बादलीत. समोरच्या फ्लॅटमध्ये लातूरच्या एक बाई राहतात, बँकेत आहेत. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"मॅडम, तुमच्या घरातून दुपारच्याला ते धपधप काय यायलंय हो?"

मला वाटलं, तक्रार. एखाद दिवशी हे घरी नसले की मी स्पीकर लावायचे. मी सांगितलं, मुलाचा कन्सोल आहे, जरा बघते त्यात.

"मग आरतीला लावा की! आमची पोरं आरतीच्या टायमाला नुस्ती मोबाइल घेऊन उभी राहायलीत. काही तरी करा त्यांना उठवायला."

नाही म्हणायला हवं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? पण सहा महिने मी एका रिकाम्या खोलीसाठी वाजवत होते, आणि कोणीतरी ऐकायला मागतं आहे म्हटल्यावर मला मोह झाला. मी हो म्हटलं.

मागच्या वर्षीच्या आरतीचं रेकॉर्डिंग एकाच्या मोबाइलवर होतं. ते लॅपटॉपमध्ये टाकलं. लॅपटॉप कुठलंही गाणं ऐकून त्याचा वेग सांगतो, मिनिटाला किती ठोके ते. त्याने सांगितलं, ब्याण्णव. मी ब्याण्णववर ठोका लावला आणि पहिल्याच कडव्यात आरती मागे पडली, शेवटच्या कडव्यात पुढे पळाली. दोन दिवस डोकं आपटलं तेव्हा उजेड पडला. आपण आरती ज्या वेगाने सुरू करतो त्या वेगाने संपवत नाही. ऐंशीला सुरू होते, टाळ्यांना जोर येतो, कोणीतरी एक उत्साही माणूस पुढे ओढतो, आणि पाचव्या आरतीपर्यंत सगळे एकशेवीसला पोचलेले असतात. दोन आरत्यांच्या मध्ये श्वासही घेत नाहीत. कुठेही, कुठल्याही गावात असंच. लॅपटॉपने बिचाऱ्याने सरासरी काढली होती, आणि सरासरीने आरती म्हणता येत नाही.

म्हणजे बटण दाबून चालणार नव्हतं. ठोका हाताने ओढत न्यायला हवा होता, लोक जातील तसा. वेगाचा दांडा मुळात आठ टक्क्यांपलीकडे जात नाही, पण ती मर्यादा आतून वाढवता येते, ती मी वाढवली. मग आठवडाभर रोज दुपारी ते जुनं रेकॉर्डिंग लावून दांड्यावर बोट ठेवून बसले. हे सगळं मी एकटीने शोधलं. त्या आठवड्यातल्या शनिवारी मुलाला विचारलेली शंका होती, लॅपटॉपचा आवाज स्पीकरमधून का येत नाही. त्याने अर्धा तास समजावलं. स्पीकर मीच बंद ठेवला होता.

गणपतीच्या संध्याकाळी सरदाबात पाहुणे धरून साठ-सत्तर माणसं होती. यांची रात्रपाळी होती, ते कामावर गेले होते. मी कोपऱ्यात टेबलावर कन्सोल मांडला. एक ज्येष्ठ काका बघून म्हणाले, "आता गणपतीलाही डिस्को?" मी म्हटलं, "काका, तुम्ही फक्त नेहमीसारखं म्हणा. मी तुमच्या मागून येते." आरती सुरू झाली. मी दोन ओळी नुसत्या ऐकल्या आणि मग खालून ठोका आत घेतला, अगदी बारीक. टाळ चौकोनांवरून बोटांनी टाकले. दुसऱ्या कडव्याला काकांनीच वेग वाढवला आणि मी दांडा खाली ओढला. पोरांनी मोबाइल खिशात टाकले. मग ती टाळ्या वाजवायला लागली, मग उड्या. तिसऱ्या, चौथ्या आरतीपर्यंत ते पळत होते आणि मी त्यांच्यामागे पळत होते, एकही ठोका न सांडता. माझे हात घामाने ओले झाले होते. मला त्या वेळी कोणाचीच आठवण आली नाही, मुलाचीसुद्धा नाही. कित्येक महिन्यांत माझ्या भोवती एवढी माणसं नव्हती.

कोणीतरी व्हिडिओ काढला, अर्थातच. सकाळी तो सगळ्या ग्रुपांवर होता. लातूरच्या बाईंनी खाली लिहिलं होतं, "आमच्या डीजे मॅडम." दुपारी हे उठले, त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला आणि म्हणाले, "बरीच तयारी झालीय की तुझी. कधी शिकलीस?" या माणसाच्या भिंतीपलीकडे मी सहा महिने वाजवत होते. त्यांना काय बोलणार? मी म्हटलं, "मुलगा शिकवतो." आणि हे बोलल्यावर माझ्या लक्षात आलं, हा व्हिडिओ त्यालाही पोचणार. त्याच्या शाळेतल्या निम्म्या मित्रांचे आईबाप त्या ग्रुपांवर होते.

शनिवारी पाच वाजता फोन आला नाही. सव्वापाचला मी केला, त्याने उचलला नाही. "बिझी, नेक्स्ट वीक" असा मेसेज आला. तो आठवडा माझा कसा गेला ते मी सांगत बसत नाही. वहीत पुढच्या चार शनिवारांच्या शंका लिहून तयार होत्या. त्या वाचल्या आणि मला माझी लाज वाटली. एवढं शिकलेलं माणूस, आणि स्वतःच्या पोराशी बोलायला वायरी उपसत होतं.

पुढच्या शनिवारी बरोबर पाचला त्याचा फोन आला.

"व्हिडिओ बघितला," तो म्हणाला. "छान होतं. रिअली टाइट, एक ठोका सुटला नाही."

"थँक्यू," मी म्हटलं. मुलाला कोणी थँक्यू म्हणतं का?

"तू पिच हाताने राइड करत होतीस. रेंज वाढवून ठेवली होतीस. बिगिनर हे करत नाही, आई. मला यायला दोन वर्षं लागली." मग म्हणाला, "आणि त्याच वीकमध्ये तू मला स्पीकर का वाजत नाही विचारलंस."

पितळ उघडं पडलं होतं. आता सारवासारव करण्यात अर्थ नव्हता. मी सरळ सांगितलं. मला येत होतं. आधी येत नव्हतं, पण मेपासून येत होतं. वायर मीच काढायचे. स्पीकर मीच बंद केला. "शंका संपली की तू फोन ठेवतोस," मी म्हटलं. "मला तुझ्याशी बोलायचं असतं. काहीही. पण नुसतं बोल म्हटलं तर तू बोलत नाहीस, म्हणून मी शंका काढायचे."

 मला वाटलं, हसेल. आईला एवढं माफ असतं, असं मी धरून चालले होते.

"मी दर शुक्रवारी तुझ्यासाठी ते व्हिडिओ बनवायचो," तो म्हणाला. "कामावरून आल्यावर. दोन-दोन, तीन-तीन तास. एकदा नीट झालं नाही म्हणून पाच वेळा रेकॉर्ड केलं. मला वाटायचं, आईला हे कसं सांगितलं तर कळेल." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग तो मराठीत बोलला, अख्खं मराठीत, तो असा क्वचितच बोलतो. "इथे मला कोणी काही विचारत नाही, आई. कामावर दुसरे सांगतात आणि मी करतो. घरी कोणी नाही. आठवड्यातून एकदा कोणीतरी मला काहीतरी विचारत होतं. आणि ते पण खोटं होतं."

मी शिक्षिका आहे. आपण शिकवलेलं समोरच्याच्या कामाचं नव्हतं हे कळलं की शिकवणाऱ्याला काय होतं ते मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. मला माझी चाळीस मिनिटं दिसत होती. त्याचे शुक्रवार मला दिसले नाहीत. सिंकमधली ती एक ताटली मी सहा महिने बघत होते, आणि वहीत पिना, वायरी, दांडे यांच्या शंका लिहून ठेवत होते. "कोणी मित्र वगैरे?" हे मी विचारायचे ते असं विचारायचे की त्याला हो म्हणूनच सुटता यावं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. हे मी त्याला जन्मात कधी म्हटलं नव्हतं, अपूर्णांकांच्या वेळीही नाही. तो "इट्स ओके" म्हणाला नाही.

फोन चालू होता. आता तो बाय म्हणेल असं मला वाटलं. आता मी काहीही विचारलं तरी ते त्याला खोटंच वाटणार होतं. तरी मी विचारलं.

"तू तिथे एकटा असतोस का रे?"

 माझ्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं, मग मंडळात जा, देवळात जा, लोकांत मिसळ. मी ते गिळलं.

"हो," तो म्हणाला. आणि मग, "तू पण ना?"

"हो," मी म्हटलं. आतल्या खोलीत हे झोपले होते, म्हणून हळू म्हटलं.